एकच प्रश्न की प्रश्नांची यादी? फील्डवर्कला निघण्याआधी

संशोधनाच्या गाइडला सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे आपल्या आराखड्यात, 'जगलेले अनुभव' हे शब्द दिसले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: माहिती गोळा कशी करणार? आपण 'मुलाखत' लिहून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. पण मुलाखत कोणती, हे आधी ठरवलं नाही तर तासन्‌तासांचं रेकॉर्डिंग हाती आल्यावर पंचाईत होते. इथे दोनच प्रकारांबद्दल लिहिते. एक, प्रश्नांची यादी सोबत ठेवून घेतलेली अर्धसंरचित मुलाखत. दुसरी, एकच प्रश्न विचारून गप्प बसायची कथनात्मक मुलाखत.

माझा विषय बंद पडलेल्या कापड गिरण्यांमधले कामगार. नागपुरात या विषयाला तोटा नाही. एम्प्रेस मिल १८७७ सालची, आज त्या जागेवर मॉल उभा आहे. पहिल्या फेरीत मी यादी घेऊन एका जुन्या गिरणी कामगार काकांकडे गेले. 'मिल बंद झाल्यावर घरखर्चावर काय परिणाम झाला?' काका म्हणाले, "तंगी आली." 'मुलांच्या शिक्षणावर?' "तेबी रखडलं." बावीस प्रश्न पस्तीस मिनिटांत संपले आणि मला आधीच ठाऊक नव्हतं असं काहीच हाती लागलं नाही. दोष काकांचा नव्हता. परिणाम झालाच असणार, हे मी प्रश्नातच सांगून टाकलं होतं.

दोन महिन्यांनी त्यांच्याकडेच परत गेले. एवढंच म्हटलं, "काका, मिलमध्ये पहिल्यांदा पाय ठेवला तिथपासून आजपर्यंत काय काय घडलं ते सांगा. मी मधे बोलणार नाही." सुरुवातीला ते घुटमळले. मग भोंगा आला, पाळ्या आल्या, बदली कामगार म्हणून काढलेले दिवस आले. आणि चाळीसेक मिनिटांनी हे आलं: काम सुटल्यावर सहा महिने ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, गांधीसागर तलावाच्या काठी बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. मोहल्ल्यात कळू नये म्हणून. "बायकोले ठाऊक होतं. तरी ती डबा भरून दे." या डब्याबद्दलचा प्रश्न माझ्या यादीत येणं शक्यच नव्हतं.

ही पद्धत जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रिट्झ श्युट्झे यांनी १९७०च्या दशकात मांडली. त्यामागचा विचार साधा आहे. माणूस एकदा गोष्ट सांगायला लागला की गोष्टच त्याला ओढत नेते. सुरू केलेला प्रसंग शेवटापर्यंत न्यावा लागतो, ऐकणाऱ्याला कळावं म्हणून तपशील द्यावे लागतात आणि सगळंच सांगता येत नाही म्हणून महत्त्वाचं निवडावं लागतं. त्याने काय निवडलं, तीच तुमची सामग्री.

नियम मात्र कडक आहेत. मुख्य कथन चालू असताना मान हलवायची, 'हं' म्हणायचं, बास. "एवढंच" असं त्यांच्या तोंडून आल्यावरच विचारायचं, तेही त्यांच्याच शब्दांत: "तुम्ही तलावाकाठी बसायचो म्हणालात, मग पुढे काय झालं?" या टप्प्यावर 'का' विचारायचा नाही. 'का' म्हटलं की माणूस गोष्ट सोडून सफाई देऊ लागतो. तो प्रश्न रेकॉर्डर बंद झाल्यावरच्या चहासाठी ठेवायचा. तेव्हाचं बोलणं घराबाहेर पडताच वहीत उतरवायचं, आणि ते वापरायचं असेल तर त्याचीही परवानगी घ्यायची.

ज्या ओढीमुळे ही पद्धत चालते, तीच तिची जोखीमही आहे. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त सांगून बसलेला माणूस रात्री अस्वस्थ होऊ शकतो. संमतिपत्रावरची सही इथे पुरत नाही, दोन दिवसांनी फोन करून "यातलं काही काढायचं का?" असं विचारावं लागतं. शिवाय नुसतं नाव बदलून भागत नाही. अख्खी गोष्ट छापली तर बाजूच्या गल्लीतला माणूसही ओळखतो. काकांच्या बाबतीत इथेही मी एक-दोन खुणा बदलल्या आहेत.

वेळेचा हिशेबही करून ठेवा. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सहा-सात तास लागले. 'मले', 'तेले', 'काहून' हे जसंच्या तसं ठेवायचं, ते प्रमाण मराठीत धुऊन टाकायचं नाही. आणि मे महिन्यात कूलर! चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त घरघर, बंद केला तर दोघंही घामाघूम. सकाळी सातची वेळ मागून घ्या.

मग यादीवाली मुलाखत कधी? पुष्कळदा. समजा, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना उपचार मिळवताना काय अडचणी येतात हा विषय आहे. पंचवीस जणांची उत्तरं शेजारी-शेजारी ठेवायची असतील तर प्रत्येकाला तेच मुद्दे विचारलेले हवेत. वीस मिनिटं देणाऱ्या अधिकाऱ्याला जीवनकथा विचारण्यात अर्थ नाही. युनियनच्या जुन्या पुढाऱ्यालाही नाही: त्यांची गोष्ट शंभर सभांमध्ये घासून गुळगुळीत झालेली असते, तिथे नेमका प्रश्नच हवा. विश्लेषणही सोपं जातं. ब्राऊन आणि क्लार्क यांच्या २००६च्या लेखातली आशयसूत्रांची पद्धत (थीमॅटिक ॲनालिसिस, म्हणजे उत्तरांमधले सारखे मुद्दे शोधून एकत्र मांडणं) वापरून चार महिन्यांत प्रकरण उभं राहतं. कथनाचे तसेच तुकडे करून कोड पाडले, म्हणजे प्रत्येक तुकड्याला मुद्द्याचं लेबल लावलं, तर आधी काय आणि नंतर काय हा क्रमच जातो, आणि मग एवढा खटाटोप केला कशाला?

जर्मन संशोधक उवे फ्लिक यांची प्रसंगनिष्ठ मुलाखत या दोन्हींच्या मधली आहे: यादीही ठेवायची आणि अधूनमधून "असा एखादा प्रसंग सांगा" म्हणायचं. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाला मी तीच सुचवेन. पीएचडीला वेळ असेल आणि प्रश्न 'कसं घडत गेलं' असा असेल, तर कथन घ्या. प्रश्न 'काय वाटतं, काय अडतं' असा असेल, तर यादी.

अजूनही ठरत नसेल तर एकाच माणसाला दोन्ही पद्धतींनी भेटा, मधे महिनाभर जाऊ द्या. आधी यादी, नंतर गोष्ट. मी चुकून तसं केलं होतं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्या दोन मुलाखतींवरच घेतला.