ऑस्टिन-हीली स्प्राइट की होंडा एस ६००?

जुनी, छोटी, दोन आसनी स्पोर्ट्स कार घेऊन ती झाकून न ठेवता नियमित चालवायची असेल आणि निवड इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९५८ ते १९६१ या काळात तयार झालेली पहिली स्प्राइट व १९६४ मध्ये आलेली जपानी एस ६०० यांच्यात असेल, तर केवळ कागदावरच्या आकड्यांवर विसंबू नये. स्प्राइटचे इंजिन ९४८ सीसीचे व ४३ अश्वशक्तीचे आहे, तर होंडाचे अवघ्या ६०६ सीसीचे असूनही ५७ अश्वशक्तीचे आहे. वजन दोन्हींचे ७०० किलोच्या आसपास भरते. कमाल वेग स्प्राइटचा ताशी सुमारे १३३ किमी, होंडाचा १४५ किमी.

मात्र होंडाची ही पूर्ण शक्ती ८५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ८५०० फेरे घेत असताना मिळते. मोटारसायकलींवर हात बसलेल्या कंपनीचे हे इंजिन, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे, इंजिनाच्या माथ्यावरचे दांडे) आणि चार कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारी साधने) असलेले. ते वरच्या फेऱ्यांत अप्रतिम गाते, पण खाली त्यात जोर नाही, त्यामुळे गिअर सतत बदलावा लागतो. स्प्राइटचे साधे इंजिन कमी फेऱ्यांतही गाडी निमूटपणे ओढते; चढावर आणि गावातल्या रहदारीत हा गुण मोलाचा ठरतो.

वळणांवर मला स्प्राइट सरस वाटते. तिचे रॅक-अँड-पिनियन (दातेरी पट्टी व चाकाचे) स्टिअरिंग हलके आणि अतिशय तत्पर आहे. मात्र मागच्या स्प्रिंगचे पोलादी पाटे एका टोकाला बॉडीत घट्ट बसवलेले असल्याने गाडी कलली की मागचा अ‍ॅक्सल किंचित फिरतो व ती अपेक्षेपेक्षा अधिक आत वळते. नवख्याला हे दचकवते, सरावलेल्याला आवडू लागते. होंडात मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असून प्रत्येक चाक तेलबंद पेटीतील साखळीने फिरते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडीची मागची बाजू चक्क वर उचलली जाते. ब्रेक दोन्हींचे चारही चाकांना ड्रमचेच, तेव्हा लांब उतारावर सावधगिरी हवी.

देखभालीत तुलनाच नाही. स्प्राइटचे इंजिन मॉरिस मायनर आणि मिनीच्या कुळातले असल्याने ब्रिटनमध्ये सुटे भाग सहज मिळतात, तर होंडाच्या रोलर बेअरिंगवर फिरणाऱ्या क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते. म्हणून बहुतेकांनी स्प्राइटच घ्यावी. होंडाच्या इंजिनाचा मोह आवरत नसेल, तर १९६६ पासूनच्या, ७९१ सीसीच्या एस ८०० मधील साखळ्यांऐवजी नेहमीचा अ‍ॅक्सल असलेली नंतरची गाडी शोधावी.