शिवणाची तयार पेटी घ्यावी की अवजारे सुटी जमवावीत?

शिवण नव्याने शिकणाऱ्यांसाठी हल्ली चेन लावलेली, पर्समध्ये मावणारी शिवणपेटी ऑनलाइन सर्रास मिळते. पुतणीने शिवणवर्गात नाव घातले, म्हणून मी तिच्यासाठी चारशे रुपयांच्या आतली अशी एक पेटी मागवली आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू आम्ही दोघींनी सुती ब्लाउजपीस, जुनी साडी आणि जीन्सचे तुकडे घेऊन वापरून पाहिली. पेटीवर शंभराहून अधिक नगांचा उल्लेख आहे आणि तो खराही आहे; मात्र त्या नगांत टाचण्या, सेफ्टी पिना, बटणे आणि टिचबटणे एकेक करून मोजलेली असल्यामुळे त्या आकड्यावरून खरेदीचा निर्णय घेण्यात अर्थ नाही. शिवणाची सफाई मुख्यतः कात्री, टेप आणि सुया या तीन वस्तूंवर अवलंबून असते, आणि नेमक्या याच तीन वस्तू या पेटीत सर्वांत कमअस्सल निघाल्या. नवशिक्या मुलीच्या हाती वाईट अवजार देणे मला मनापासून चुकीचे वाटते, कारण कापड वाकडे कापले गेले की ती दोष स्वतःच्या हाताला देते आणि शिवण आपल्याला जमणारच नाही असे ठरवून मोकळी होते.

पेटीतली कात्री साधारण चार इंचांची आहे आणि दोरा तोडायला ती चालते. सुती कापडाच्या दोन पदरांवर वापरल्यावर पात्यांच्या मुळाशी कापड नीट कापले गेले, पण टोकाजवळ येताच ते दोन्ही पात्यांच्या मध्ये दुमडून अडकले. कात्री पारखण्याची हीच कसोटी आहे. गळ्याच्या कोपऱ्यात किंवा मुंढ्याच्या (बाही जोडायच्या जागेच्या) गोलाईत मायेला, म्हणजे शिवणीबाहेर राखलेल्या जादा कापडाला, बारीक कट देताना फक्त टोकच कामाला येते, आणि ते टोक बोथट असेल तर कट एक तर अपुरा राहतो किंवा झटक्यासरशी थेट टिपेपर्यंत जातो. घरच्या कामासाठी आठ किंवा नऊ इंचांची, मुठीकडे वर वळलेली कात्री घ्यावी. त्या वळणामुळे खालचे पाते टेबलावर सपाट टेकते, कापड उचलावे लागत नाही आणि खालचा पदर सरकत नाही. कापताना पाती पूर्ण मिटू न देता लांब घास घेत पुढे जावे. दरवेळी टोकापर्यंत मिटली तर कापडाच्या कडेला पायऱ्या पडतात, आणि टीप मारताना कडेचा आधार घ्यायचा असल्याने त्या पायऱ्या शिवणीतही उतरतात. डावखुऱ्या व्यक्तीने मात्र डाव्या हाताची कात्रीच मागून घ्यावी. त्या कात्रीत पात्यांची मांडणी उलट असते. नेहमीची कात्री डाव्या हाताने चालवली की बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापड चावले जाते.

आपल्याकडे शिंपी वर्षानुवर्षे मेरठची कात्री वापरत आले आहेत. भंगारातल्या पोलादापासून घडवलेल्या या कात्रीला 2013 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा खरा गुण हा की धार गेली तर ती धारवाल्याकडून पुन्हा लावून घेता येते, स्क्रू सैल झाला तर आवळता येतो, आणि त्यामुळे एकदा केलेला खर्च पुष्कळ वर्षे पुरतो. ती वजनाला जड असते, त्यामुळे शाळकरी मुलींच्या हाताला सुरुवातीला अवघड वाटते, एवढी एक अडचण मान्य करायला हवी. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये हा नियम घरात सर्वांनी पाळावा, कारण कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात खनिजांची भुकटी मिसळलेली असते आणि ती पात्याची बारीक धार झिजवते.

टेपच्या बाबतीत पेटीने माझी सर्वांत जास्त निराशा केली. स्टीलच्या पट्टीवर ठेवून पाहिली तर बारा इंचांत जवळपास एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक आला, म्हणजे छत्तीस इंचांच्या छातीच्या मापात तो तीन सुतांपर्यंत जाणार. एकाच टेपने अंगाचे माप घेतले आणि त्याच टेपने कापड आखले तर ही चूक दोन्हीकडे सारखी राहून झाकली जाते. पण वर्गातल्या बाईंनी आपल्या टेपने घेतलेले माप घरी कापडावर उतरवले, की ब्लाउज का बसत नाही याचे उत्तर कोणालाच सापडत नाही. नुसत्या पातळ प्लॅस्टिकची टेप ओढली की ताणली जाते, म्हणून आत फायबरग्लासचे धागे असलेली टेप घ्यावी आणि घेताना दुकानातच पट्टीवर ताडून पाहावी. दोन्ही बाजूंचे आकडेही जुळायला हवेत: साठ इंच म्हणजे 152.4 सेंटीमीटर होतात, त्यामुळे साठ इंचांच्या खुणेमागे नेमके 150 छापलेले दिसले, तर त्या टेपची निदान एक बाजू तरी खोटी आहे. माप घेताना टेप जमिनीला समांतर ठेवावी, पाठीमागे ती खाली घसरलेली नाही ना हे आरशात पाहावे आणि टेप अंगाला लागेल पण रुतणार नाही इतपतच धरावी. सैलपणा किती द्यायचा तो नंतर आखताना द्यावा, माप घेताना देऊ नये.

सुयांच्या पाकिटावर नंबर नाहीत, हा मोठाच दोष आहे. हाताच्या सुयांमध्ये नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते, तर मशीनच्या सुयांमध्ये नेमके उलट असते: अकरा नंबरची सुई बारीक, चौदाची मध्यम आणि सोळाची जाड. मशीनच्या सुईवर 90/14 असे छापलेले असते, त्यातील 90 म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलिमीटर. साडीला फॉल लावायला किंवा ब्लाउजला तुरपाई करायला हाताची नऊ किंवा दहा नंबरची सुई लागते, जाड पडद्याला पाच-सहा नंबरची. पेटीतल्या बहुतेक सुया जाड आहेत आणि काहींच्या नेढ्याची आतली कड खरखरीत आहे, त्यामुळे थोडेसे शिवून होताच दोरा पिंजतो. नवी सुई कापसाच्या बोळ्यातून ओढून पाहावी. टोकाला तंतू अडकले तर ती सुई रेशमी किंवा शिफॉनच्या कापडाजवळही नेऊ नये. दोरा तिरपा कापून ओवावा आणि तो कोपरापर्यंतच्या हाताहून फार लांब घेऊ नये, कारण लांब दोऱ्याला पीळ बसून गाठी होतात.

मशीनच्या सुया पेटीत नाहीत, त्या वेगळ्याच घ्याव्या लागतात. घरगुती मशीनच्या सुईची वरची दांडी एका बाजूने चपटी असते; ज्या बाजूने दोरा ओवायचा, तिच्या विरुद्ध बाजूला ही चपटी बाजू ठेवून सुई पूर्ण वरपर्यंत सारावी आणि मगच स्क्रू आवळावा. टाके सुटू लागले की पुष्कळजण थेट मेकॅनिकला बोलावतात, पण त्याआधी सुई उलटी बसली आहे का, वाकली आहे का, टोक मोडले आहे का, एवढे पाहिले तरी अनेकदा मशीन सुरळीत चालू लागते.

रंगीत रिळांची रांग पेटी उघडताच मन वेधून घेते. रिळांवर दोरा मात्र अगदी थोडा आहे आणि दोन्ही हातांनी ओढला की तुटतो, म्हणून तो फक्त कच्च्या टाक्यासाठी वापरावा.

उसवायचे अवजार, म्हणजे सीम रिपर, हे या पेटीतले सर्वांत चांगले नग आहे आणि मी ते आनंदाने ठेवून घेतले. त्याच्या आखूड टोकावर लाल मणी असतो, लांब टोक मोकळे असते आणि धार दोघांच्या मधल्या खाचेत असते. एकेक टाका उसवताना लांब टोक टाक्याखाली घालून दोरा खाचेत येऊ द्यावा. सबंध शिवण उसवायची असेल तर मणी कापडाच्या बाजूला ठेवून पुढे सरकावे, म्हणजे टोक कापडात घुसत नाही. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी, प्लॅस्टिकचे आणि एकाच मापाचे आहे. ते पुतणीच्या मधल्या बोटातून सारखे निसटत होते. धातूचे, बोटाच्या मापाचे अंगुस्तान स्वस्त मिळते. टाचण्यांची डोकी प्लॅस्टिकची आहेत, त्यामुळे टाचण्या लावलेल्या कापडावर गरम इस्त्री फिरवू नये. काचेच्या डोक्याच्या टाचण्या असतील तर ही भीती राहत नाही. शिंप्याचा खडू पेटीत मुळीच नाही, आणि शिवण शिकवण्याचा दावा करणाऱ्या पेटीत तो नसावा याचे मला वाईट वाटते. खडूची कड धारदार ठेवावी आणि रेघ कापडाच्या उलट्या बाजूस मारावी.

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या आसपास ही सारी अवजारे सुटी मिळतात, आणि लहान गावांतही मॅचिंग सेंटरमध्ये सुया, दोरे, खडू, टेप सहज मिळून जातात. जाताना घरून पातळ सुती आणि जाड कापडाचा एकेक तुकडा न्यावा. ज्या दुकानदाराला आपल्या मालाची खात्री असते, तो कात्री त्यावर चालवून पाहायला आनंदाने देतो. चांगली कात्री, टेप, नंबर छापलेल्या सुयांची पाकिटे, पांढरा आणि काळा दोरा, खडू आणि अंगुस्तान एवढे घेतले तर खर्च पेटीपेक्षा जास्त होतो, आणि त्यातला बराचसा वाटा एकट्या कात्रीचा असतो. तेवढे पैसे एकदम काढणे शक्य नसेल तर आधी कात्री आणि टेप घ्यावी, बाकीचे गरजेप्रमाणे घेत जावे.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला तुटलेले बटण लावायचे असेल किंवा प्रवासात उसवलेली शिवण तात्पुरती सांधायची असेल, तर ही पेटी पुरेशी आहे आणि त्या कामासाठी तिची किंमतही वाजवी म्हणता येईल. शिवणवर्गाला जाणाऱ्यांनी ती घेऊ नये.