फोटोशॉपमधला डिजिटल मेकअप: एका लग्नसराईच्या वापरानंतर

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापुरात कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात आणि आमच्यासारख्या रिटचिंगवाल्यांच्या (संगणकावर फोटो सुधारणाऱ्यांच्या) टेबलावर हार्ड डिस्कची रास लागते. गेल्या सबंध लग्नसराईतले मोठे पोर्ट्रेट आणि त्यानंतर आलेले स्टुडिओ पोर्ट्रेट यांच्यातल्या चेहऱ्यांचा मेकअप मी संगणकावर एकाच पद्धतीने केला. एका बटणावर होणारा मेकअप पूर्ण बंद ठेवला. फोटोशॉप, रिकामे लेयर (फोटोवर ठेवलेले पारदर्शक थर) आणि पेन टॅबलेट, बाकी सगळं हाताने. पद्धत वेळ खाते, तरीही नवरीच्या मुख्य पोर्ट्रेटला आणि करिझ्मा अल्बमच्या (थेट पानांवर फोटो छापलेल्या लग्नाच्या अल्बमच्या) मोठ्या पानाला आता मला दुसरं काही पटत नाही.

खरा मेकअप त्वचा झाकून टाकत नाही, त्वचेवर बसतो. गालावरची लव, रंध्रं, ओठांच्या उभ्या चिरा, डोळ्याच्या कडेचा ओलावा हे सगळं त्याच्या खालून दिसत राहतं. मोबाइलच्या ब्यूटी अ‍ॅपमधली लिपस्टिक लांबून ओळखू येते ती याचमुळे: रंग सुंदर असतो, पण ओठावरची चमक त्याखाली बुजलेली असते. डिजिटल मेकअपमध्ये निम्मं काम रंग लावण्याचं आणि निम्मं प्रकाश जपण्याचं असतं. मला तर दुसरं निम्मंच जास्त महत्त्वाचं वाटतं.

ही गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. जुन्या घरांतल्या भिंतींवर हाताने रंगवलेले स्टुडिओ फोटो अजून दिसतात. कृष्णधवल प्रिंटवर पारदर्शक रंगांचा पातळ हात फिरवलेला असायचा. उजेड-सावली मूळ फोटोचीच, वरून फक्त रंगाची छटा. फोटोशॉपमधला ‘कलर’ ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारी सेटिंग) नेमकं हेच करतो: वरच्या लेयरमधून रंग आणि त्याचा भडकपणा (सॅच्युरेशन) घेतो, उजळपणा मात्र खालच्या फोटोचाच राहतो. चित्रकार आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या या गावात रंगाचा हात हलका ठेवण्याची समज पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि संगणकावरही तीच कामाला येते.

आधी त्वचा. पुळ्या, सुटे केस, पसरलेलं काजळ रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रशने काढायचं, सॅम्पल ‘करंट अँड बिलो’ (हा आणि याखालचे लेयर) ठेवायचं. ब्लर अजिबात नाही. डाग काढूनही गाल असमान वाटला तर ५० टक्के राखाडी रंगाने भरलेला लेयर सॉफ्ट लाइट या ब्लेंड मोडवर टाकून अगदी कमी फ्लोने (ब्रशमधून रंग सुटण्याच्या प्रमाणाने) डॉज-बर्न करायचं, म्हणजे हवं तिथे उजळ आणि हवं तिथे गडद करायचं. या मोडमध्ये ५० टक्के राखाडीचा फोटोवर काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे ब्रश फिरवाल तेवढाच फरक दिसतो आणि मागे फिरणंही सोपं जातं. फाइल १६ बिटमध्ये ठेवली तर पुढे गालावरच्या हलक्या छटांत पट्टे पडत नाहीत.

ब्लशवर जरा थांबतो, कारण परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचं इथेच सगळ्यात जास्त बिघडतं. त्या व्हिडिओंत गोऱ्या गालावर फिका गुलाबी रंग सॉफ्ट लाइटवर लावतात आणि तो शोभतोही. आपल्या सावळ्या, गव्हाळ गालावर तोच रंग राख फासल्यासारखा दिसतो. कारण सरळ आहे. संगणकात लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण प्रत्येकी ० ते २५५ अशा आकड्यांत असतं; सॉफ्ट लाइटमध्ये मध्यापेक्षा म्हणजे साधारण १२८ पेक्षा मोठा आकडा खालचं चित्र उजळवतो आणि लहान आकडा गडद करतो. फिक्या गुलाबीचे आकडे २५५, १८२, १९३ असे असतात. तिन्ही मध्याच्या वर, म्हणून लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनेल उजळतात आणि गालावर पांढुरका थर येतो. त्याऐवजी विटेसारखा रंग घ्या, समजा १६०, ७०, ५०. लाल थोडा वर जातो, हिरवा आणि निळा खाली येतात, आणि गालाला आतून रक्त चढल्यासारखी ऊब येते. जास्त सावळ्या त्वचेवर मरून किंवा गडद जांभळट लाल त्याहून छान बसतो. मोठा मऊ ब्रश, फ्लो दोन ते पाच टक्के, आणि शेवटी लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकपणा) मनाला येते त्यापेक्षा थोडी कमीच. माझ्या मते मराठी चेहऱ्यांवर काम करणाऱ्याने एवढी एकच गोष्ट नीट समजून घेतली, तरी त्याच्या कामाचा दर्जा एका हंगामात बदलेल.

लिपस्टिकला मी मल्टिप्लाय (खालचा फोटो गडद करणारा ब्लेंड मोड) वापरतो, फिक्या शेडला सॉफ्ट लाइट. खरी किमया ‘ब्लेंड इफ’मध्ये (उजळपणा पाहून लेयर कुठे दिसेल ते ठरवणाऱ्या सोयीत) आहे. लेयरवर डबल क्लिक केलं की खाली दोन पट्ट्या दिसतात. त्यातल्या ‘अंडरलाइंग लेयर’ पट्टीवरचा पांढरा त्रिकोण ऑल्ट दाबून फोडायचा आणि त्याचा अर्धा भाग डावीकडे सरकवायचा. मूळ ओठावर जिथे चमक आहे तिथून रंग हळूच बाजूला होतो आणि लिपस्टिक ओली, खरी वाटायला लागते. मॅट शेड हवी असेल तर हीच चमक कर्व्हने (उजळपणा कमी-जास्त करणाऱ्या वक्ररेषेने) थोडी दाबायची, ग्लॉस हवा असेल तर वर उचलायची. ओठाची कड धारदार ठेवू नये, खऱ्या ओठाची कड त्वचेत विरते. कोपऱ्यात रंग किंचित गडद ठेवायचा आणि दातांवर एक थेंबही जाऊ द्यायचा नाही.

काजळासाठी शुद्ध काळा घेऊ नका. त्याच फोटोतल्या डोळ्याच्या बाहुलीचा किंवा पापणीच्या मुळाचा रंग उचला, तो बहुधा गडद तपकिरी निघतो, आणि मल्टिप्लायवर लावा. खालच्या पापणीच्या आतल्या कडेला ओलाव्याचा बारीक ठिपका असतो, तो राखा. पापण्यांचे केस काढायला मात्र टॅबलेटच हवा. ब्रशच्या सेटिंगमध्ये आकार पेनच्या दाबाला जोडला की मुळाशी जाड आणि टोकाला बारीक असा केस एका फटक्यात येतो. माउसने हे होत नाही, कितीही सवय असली तरी. वॅकॉमचा लहान इंटुओसही ४०९६ दाबपातळ्या ओळखतो आणि त्याच्या पेनला बॅटरी लागत नाही. चेहऱ्याच्या कामाला तेवढा आकार पुरतो. मोठ्या टॅबलेटवर हात फार फिरवावा लागतो.

आता आपल्या लग्नांमधला नेहमीचा प्रश्न: चेहरा एका रंगाचा, मान आणि हात दुसऱ्या रंगाचे. फाउंडेशन एक शेड उजळ लावलेलं असतं, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड किंवा सिलिका असेल तर फ्लॅशचा उजेड परतवून चेहरा आणखी पांढरा पडतो. अशा वेळी मी मान उजळवत नाही, चेहरा मानेकडे आणतो. चेहऱ्यावर मास्क करून (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून) कर्व्हने उजळपणा थोडा उतरवतो. मग आयड्रॉपर ११ बाय ११ सरासरीवर ठेवून मानेचा रंग उचलतो आणि तो कलर मोडमध्ये वीस-तीस टक्क्यांनी चेहऱ्यावर फिरवतो. ठुशी आणि कोल्हापुरी साज मानेवर सोनेरी झाक टाकतात, म्हणून रंग दागिन्यांपासून लांबचा घ्यायचा. हिरव्या शालूची झाक हनुवटीखाली येते, अष्टपुत्रीची पिवळी येते. ती पूर्ण काढू नये. थोडी ठेवली तर चेहरा त्या साडीतला वाटतो, सगळी काढली तर दुसऱ्या फोटोतून कापून आणल्यासारखा. हळदीच्या फोटोंना तर मी मेकअप लावतच नाही. पिवळ्या गालावर लाल ब्लश नारिंगी होतो, आणि हळदीच्या चेहऱ्याला मुळात कशाची गरजही नसते.

“आमच्या पोरीला जरा उजळ दाखवा की ओ,” असं दर दुसऱ्या घरातून येतं, बहुधा एखाद्या मावशी-काकूंकडून. मी उजेड वाढवून देतो, डोळ्यांत चमक आणून देतो, त्वचेचा रंग बदलत नाही. नवरीला फोटो समोर दाखवला की ती स्वतःच माझ्या बाजूने बोलते, असा माझा अनुभव आहे. सावळा रंग नीट प्रकाशात आणि योग्य शेडच्या लिपस्टिकमध्ये इतका देखणा दिसतो की तो पुसून टाकणं मला अन्याय वाटतं.

वेळेचं गणित प्रामाणिकपणे सांगायला हवं. सगळ्या अल्बमला ही पद्धत परवडत नाही. बारा बाय छत्तीसच्या पानावर जिथे चेहरा नखाएवढा आहे तिथे पापण्या काढत बसू नये. मधल्या फोटोंसाठी मी लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरचे मास्क वापरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ते ओठ, भुवया, दात, चेहऱ्याची त्वचा वेगवेगळी ओळखतात. ओठांच्या मास्कवर थोडा रंग, थोडी गडदता दिली की एका कार्यक्रमाच्या फोटोंना सारखेपणा येतो. मोठ्या पोर्ट्रेटसाठी लेयरचा सगळा संच अ‍ॅक्शनमध्ये (पायऱ्या आपोआप पुन्हा करणाऱ्या नोंदीत) नोंदवून ठेवलाय: त्वचा, ब्लश, ओठ, काजळ, सगळे नावासकट आणि ब्लेंड मोडसकट तयार येतात. फोटोशॉपचं महिन्याचं भाडं नको असेल तर गिंप हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मल्टिप्लाय, सॉफ्ट लाइट, लेयर मास्क आणि पेनचा दाब हे सगळं त्यात मिळतं, त्यामुळे शिकायला काहीच अडत नाही.

शेवटचा मुद्दा छपाईचा, कारण गिऱ्हाईक पाहतं ते कागदावरच. स्क्रीन फार उजळ ठेवून काम केलं तर कागदावर मरून लिपस्टिक काळपट येते. स्क्रीनचा उजेड १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणून कॅलिब्रेट करा (रंग प्रमाणाशी जुळवून घ्या), लॅबकडून आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या छपाईचे रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल याची स्क्रीनवरची झलक) लावून ओठांकडे आधी बघा. भडक लाल आणि गडद गुलाबी छापील रंगांच्या आवाक्याबाहेर पटकन जातात. गॅमट वॉर्निंग लावली की ते भाग राखाडी दिसतात. तेवढ्याच भागावर सॅच्युरेशन थोडं उतरवा, मधले टोन कर्व्हने किंचित उचला. मॅट कागदावर गडद रंग आणखी दबतात, म्हणून आधी त्याच कागदावर ओठ-गालांची एक छोटी पट्टी छापून घ्या, आणि ती ट्यूबलाइटखाली न बघता दिवसाच्या उजेडात बघा.