बी-२ लायसन्सचा वीकएंड क्लास, नागपूर: एअर फोर्समधून बाहेर पडलेल्या रेडिओ फिटरचा अनुभव

बी-२ म्हणजे सिव्हिल विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करून त्यावर सही करायचं लायसन्स, आणि हा त्याच्या पेपरांचा क्लास. आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कशाचा कापला ते खाली येईलच. क्लासचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत, आणि तुम्ही कुठल्याही गावात असा क्लास बघायला गेलात तरी काय विचारायचं ते कळावं एवढ्यासाठी हे लिहितोय.

मी २००५ चा भरती. सांबऱ्याला बेसिक ट्रेनिंग, मग जालाहळ्ळीला ट्रेड ट्रेनिंग, ट्रेड रेडिओ फिटर म्हणजे विमानातले रेडिओ सेट दुरुस्त करणारा, आणि नंतरची बरीचशी वर्षं जग्वार या फायटर विमानावर, गोरखपूर आणि जामनगर. २० वर्षं पूर्ण करून २०२५ च्या सुरुवातीला सार्जंट म्हणून बाहेर पडलो, वय ३९, मुलगी आठवीत, पेन्शन आहे पण तेवढ्यावर भागत नाही. पहिला इंटरव्ह्यू बुटीबोरीला झाला. समोरच्या मॅडमनी माझा बायोडेटा दोनदा चाळला आणि विचारलं, 'म्हणजे तुम्ही विमान चालवायचे का? आमच्याकडे सिक्युरिटी सुपरवायझरची जागा आहे, चालेल का?' त्यांचा दोष नाही, त्यांना कळेल असं त्या कागदावर काही नव्हतंच. पण परत येताना मन फार खट्टू झालं. सिक्युरिटीचं काम कमी दर्जाचं आहे असं अजिबात नाही, पण रात्री २ वाजता टारमॅकवर टॉर्च तोंडात धरून ज्याने स्नॅग, म्हणजे विमानातले बिघाड, शोधलेत त्याला ते काम कुणी विचारतच नाही हे लागलं मनाला.

मग कोर्समेटने हा क्लास सांगितला. शनिवार-रविवार, सकाळी ९ ते २, चार महिने, फी ४८ हजार. शिकवणारे सर स्वतः वॉरंट ऑफिसर म्हणून रिटायर झालेले आणि नंतर सिव्हिलमधे बी-२ लायसन्सवर काम केलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीजीसीएच्या (सिव्हिल विमानांचं नियम करणारं सरकारी खातं) कार-६६ या लायसन्सच्या नियमांत ए, बी-१, बी-२, सी अशा कॅटेगरी असतात, बी-१ म्हणजे इंजिन-एअरफ्रेमवाले आणि बी-२ म्हणजे आपण, एव्हिऑनिक्सवाले. प्रत्येक मॉड्यूलचा, म्हणजे विषयाचा, वेगळा पेपर, पासिंग ७५ टक्के. या क्लासमधे डिजिटल टेक्निक्सचं ५ नंबरचं, ह्युमन फॅक्टर्सचं ९, कायद्याचं १० आणि बी-२ चं ते जाडजूड १३ एवढी चारच घेतात, बाकीची घरी करा म्हणतात.

मला वाटलं होतं मॉड्यूल ५ तर झोपेत पण पास होईन. पहिल्याच रविवारी सरांनी टेबलावर एका भंगारात निघालेल्या सिव्हिल विमानाचा एअर डेटा कॉम्प्युटर (विमानाची उंची आणि वेग काढणारा बॉक्स) ठेवला, पॉवर दिली, दोन वायरी बाहेर काढल्या, शेजारी एक छोटा रीडर, आणि मला म्हणाले जोड आणि अल्टिट्यूड वाचून दाखव. मी जोडलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'सर, बस कंट्रोलर कुठेय?' कारण आमच्या फायटरवर १५५३ बस (बस म्हणजे बॉक्स एकमेकांशी ज्या वायरीवर बोलतात ती), तिथे कंट्रोलर विचारतो आणि मगच बॉक्स बोलतो, न विचारता कुणी तोंड उघडायचं नाही, एका बसवर जास्तीत जास्त ३१ टर्मिनल. सर म्हणाले, इथे कुणी विचारत नाही, एअरिंक ४२९ आहे, हा बॉक्स आपला एकटाच बोलत राहतो, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. ३२ बिटचा शब्द, त्यातले पहिले ८ बिट म्हणजे लेबल, ते ऑक्टलमधे, म्हणजे ० ते ७ आकड्यांत, वाचायचं. रीडरवर २०३ दिसलं म्हणजे अल्टिट्यूड, २०६ म्हणजे एअरस्पीड. आकडा आला, मी मोठ्याने वाचला, आणि सरांनी पेन्सिलने शेवटाकडचे दोन बिट दाखवले, ३० आणि ३१. तिथे बॉक्स स्वतःच सांगत होता की हा डेटा धरू नका. मी आकडा वाचला होता आणि तो खरा आहे का हे बघितलंच नव्हतं. वीस वर्षं बेंचवर काढलेल्या माणसाला ही गोष्ट अशी समोर दाखवली की आयुष्यभर विसरत नाही, नोट्समधे शंभर वेळा वाचून हे झालं नसतं. या एका सकाळसाठी मी दोन स्टार देतो.

पण खरं सोनं बायोडेटाच्या दोन तासांत होतं. माझा बायोडेटा चार पानांचा, त्यात पोस्टिंग, कोर्स, कमेंडेशन सगळं. सरांनी सेटची आणि सिस्टिमची नावं आधी खोडायला लावली, म्हणाले ती नावं बाहेर लिहायची पण नाहीत आणि ती वाचून कुणाला काही कळत पण नाही. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न, 'तू नेमकं काय करायचास?' मी लिहिलं होतं 'इन-चार्ज, रेडिओ बे'. ते खोडून झालं: बारा जणांच्या टीमचं रोजचं काम वाटणं, व्हीएचएफ-यूएचएफ सेट कॉम्पोनंट लेव्हलपर्यंत दुरुस्त करणं, टेस्ट इक्विपमेंटच्या कॅलिब्रेशनच्या तारखा सांभाळणं. शेवटचं वाक्य मी लिहिणार पण नव्हतो, ते तर रोजचंच काम, आणि आज मला नोकरी त्याच वाक्यावर लागली आहे. चार पानांचं दीड पान झालं. घरी बायकोला वाचायला दिलं तर ती म्हणाली, 'अहो, तुम्ही तिकडे काय करून राहिले होते हे मला आज कळलं.'

अजून एक गोष्ट क्लासमधे स्पष्ट सांगतात आणि ती प्रत्येकाने डिस्चार्जच्या आधी ऐकायला हवी. फक्त पेपर पास झाले की लायसन्स हातात येत नाही. सैन्यातला अनुभव धरतात, पण त्याच्यावर सिव्हिल विमानावरचा अनुभव लागतोच, आणि लायसन्स मिळालं तरी ए३२० किंवा ७३७ वर सही करायची तर टाइप रेटिंग (त्या जातीच्या विमानाची लायसन्सवरची नोंद) आणि कंपनीचं ऑथोरायझेशन वेगळं. म्हणजे ३९ व्या वर्षी सुरुवात केली तर मधली काही वर्षं टेक्निशियन म्हणून, आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान इंजिनिअरच्या हाताखाली काढावी लागतात. आणि सहीचा अर्थ पण बदलतो. एअर फोर्समधे फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या कामाच्या नोंदवहीवर, आपण सही करायचो तेव्हा मागे अख्खी युनिट उभी असायची, इथे तुमच्या लायसन्सचा नंबर, तुमचं नाव. पार्ट कितीही चकाचक दिसू दे, सोबत सीए फॉर्म १ (पार्ट वापरायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट) नसेल तर तो विमानाला लावायचा नाही. हे पचायला आमच्या बॅचमधल्या कितीतरी जणांना वेळ लागला, मला पण.

आता तक्रारी. पहिली, मॉड्यूल १० च्या नोट्स जुन्या. १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट शिकवत होते, आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झालेला. कायद्याच्या पेपरच्या नोट्समधे कायदाच जुना, हे ४८ हजार घेऊन चालत नाही. मी दाखवलं तेव्हा मान्य केलं, पुढच्या आठवड्यात दोन पानांची झेरॉक्स दिली, पण नोट्स काही बदलल्या नाहीत. दुसरी जास्त मोठी, जाहिरातीत '१०० टक्के प्लेसमेंट' लिहिलंय. मला तीन ठिकाणी पाठवलं, त्यातली दोन परत सिक्युरिटीची. ऑफिसमधल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, प्लेसमेंट म्हणजे इंटरव्ह्यू. ज्याची पेन्शन नुकतीच सुरू झालीय, फंडाचे पैसे हातात आहेत, त्या माणसाला हे वाक्य दाखवून फी घेणं मला बरोबर वाटत नाही. मी त्यांना लेखी दिलंय, अजून उत्तर नाही. दीड स्टार या दोन गोष्टींचा.

एका रविवारी त्यांनी एका जुन्या रेडिओ फिटरला बोलावलं होतं, ते आता हॉस्पिटलमधली एमआरआय मशीन दुरुस्त करतात. दीड टेस्लाच्या मशीनमधे आरएफ साधारण ६४ मेगाहर्ट्झला चालतं, म्हणजे आपल्या व्हीएचएफ सेटच्या जवळपास निम्म्यावर, ट्रान्समीटर तसाच, रिसीव्हर तसाच, केबलचा लॉस तसाच मोजायचा, कनेक्टर लूज झाला की तसंच रडतं. क्लासमधे एकदम शांतता झाली होती. सगळे जण विमान नाही तर बँक एवढंच धरून बसलेले, क्लार्कच्या जागेला एक्स-सर्विसमन कोटा आहे म्हणून सगळे तिकडेच फॉर्म भरतात, आणि त्यात काही चूक नाही, माझे दोन मित्र बँकेत सुखात आहेत. पण ज्याच्या हातात अजून सोल्डरिंगची सवय आहे त्याला तिसरा रस्ता कुणी दाखवत नाही, तो इथे दिसला. त्यांच्याशी जेवणाच्या सुट्टीत पण पाऊण तास बोललो.

मी सध्या एका कॅलिब्रेशन लॅबमधे आहे, मॉड्यूल ५ आणि ९ निघालेत, १० परत द्यायचा आहे. इथे नागपूरलाच मिहानमधे एआय इंजिनिअरिंग या विमान दुरुस्तीच्या कंपनीचं मोठं हँगर आहे, अनुभवासाठी टेक्निशियनच्या जागेवर माझी नजर तिथेच आहे.

तुम्ही जाणार असाल तर डिस्चार्जला दोन वर्षं असतानाच सुरू करा, सुट्टी जोडून शनिवार-रविवार जमतात, आमच्या बॅचमधे वायुसेनानगरहून येणारे दोन सर्व्हिंग जण होते आणि ते आमच्यापेक्षा निवांत शिकत होते. फी एकदम भरू नका, दोन हप्ते मागितले तर देतात. प्लेसमेंटमधे काय काय येतं ते पावतीवर लिहून घ्या. आणि पहिल्या दिवशी स्वतःचा जुना बायोडेटा सोबत न्या, जसा असेल तसा, नीट करत बसू नका, सर तो तसाच मागतात.