सर्कलच्या कारंज्याचा तयार संच: पंप दमदार, हौदाचं गणित कच्चं

बडोद्यात पत्ता सर्कलवरून सांगतात. काळा घोडा म्हणजे डर्वेंट वुड यांनी घडवलेला सयाजीरावांचा 1907 चा अश्वारूढ पुतळा. तिकडे गेंडा सर्कल, चकली सर्कल. (ही चकली फराळातली नव्हे. गुजरातीत चकली म्हणजे चिमणी, आणि प्लंबरच्या तोंडी नळाची तोटी.) आता सोसायट्यांनाही फाटकाशी स्वतःचं सर्कल हवं असतं आणि त्यात कारंजं. त्यासाठी मिळणाऱ्या तयार संचात 1 एचपीचा सबमर्सिबल पंप, गोल कड्यावर 6 मिमीच्या 24 तोट्या, मधोमध 12 मिमीची एक, 12 व्होल्टचे दिवे आणि टायमर असतो.

बडोद्याजवळच्या आजवा तलावाचं पाणी 1892 मध्ये शहरात आलं ते नुसत्या उतारावर, पंपाशिवाय. तशा पाण्यावरच्या कारंज्याला एक व्हॉल्व्ह आणि एक तोटी पुरते. बिघडायला फारसं काही नसतंच. इथे दाब पंप तयार करतो, म्हणून दुखणीही हौदातच सुरू होतात.

पंपाबद्दल तक्रार नाही. कड्यावरची धार दीड मीटर उडवायची तर प्रत्येक तोटीला मिनिटाला साधारण 9 लिटर लागतात, मधल्या 3 मीटरच्या धारेला 52. एकूण पावणेतीनशे लिटर. 1 एचपीला हे जड नाही.

घोडं अडतं ते हौदापाशी. संचासोबतच्या नकाशात हौद 4 मीटर व्यासाचा आहे. धार जेवढी उंच, तेवढं तरी अंतर तिच्यापासून काठापर्यंत हवं. इथे 3 मीटरच्या धारेला मिळतात 2. मे-जूनच्या वाऱ्यात तुषार थेट डांबरावर पडतात, दुचाकी घसरतात आणि हौदाची पातळी उतरते. पातळी उतरली की पंप हवा ओढतो, सील तापतं आणि गळायला लागतं. मधल्या तोटीचा व्हॉल्व्ह आवळून धार पावणेदोन मीटरवर आणा, आणि फ्लोट स्विच (पातळी उतरली की पंप बंद करणारा) वेगळा घ्यावा लागला तरी घ्याच. तो संचात नाही, ही खरी कंजुषी.

दुसरं दुखणं क्षारांचं. 40 सेंमी खोल हौदात 5,000 लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात रोज शंभरएक लिटर वाफ होऊन जातं, क्षार मात्र मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर महिन्याभरात तोट्यांच्या तोंडाशी पांढरी पुटं धरतात. चार-पाच तोट्या बुजल्या की बाकीच्यांच्या धारा उंच जातात आणि कडं वेडंवाकडं दिसतं. लोक पंपाला दोष देतात. तोट्या काढून लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तासभर बुडवा. बाथरूमचं ॲसिड नको, पितळ खातं. दर पंधरवड्याला हौद पूर्ण रिकामा करायचा, वरून नुसती भर घालून भागत नाही. कारंजं आठवडाभर बंद ठेवलं तर डासांच्या अळ्या झाल्याच समजा. गप्पी मासे सोडणार असाल तर आधी पंपाला बारीक जाळी लावा.

दिवे ठीक आहेत, पण केबलचा जोड पाण्यात ठेवू नका, टेपवर भरवसा तर मुळीच नको. ट्रान्सफॉर्मर हौदाबाहेर, उंचावर. पंप 230 व्होल्टवर चालतो, तेव्हा 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) लावल्याशिवाय सुरू करू नका, आणि हौदात उतरण्याआधी मेन स्विच बंद.

5 पैकी 3. हौद 6 मीटरचा असेल तर 4. टायमर बॅटरीवाला मागून घ्या. साधा वीज गेली की मागे पडतो आणि कारंजं भर दुपारी सुरू होतं.