स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स: सांगलीतून वापरतोय, पाचपैकी साडेतीन

गाणी ऐकायचं जे स्पॉटिफाय सगळ्यांच्या फोनमध्ये असतं त्याचा हा रिव्ह्यू नाही, गाणी टाकणाऱ्यांसाठी जे वेगळं ॲप आहे त्याचा आहे. फुकट आहे, वेबसाइटवरपण चालतं. ज्यांच्यामागे लेबल नाही, मॅनेजर नाही, मुंबईत कुणाचा मामा नाही आणि तरी स्वतःची मराठी गाणी करायची खाज आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मी दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात जमाखर्च लिहितो आणि रात्री गाणी करतो, आम्ही तिघं आहोत, सतारवाला मिरजेचा, तबलेवाला तासगावचा आणि गिटार आणि गळा माझा.

सुरुवातीला एक गोष्ट क्लिअर करतो कारण मला हे सारखं विचारतात. या ॲपमधून गाणं अपलोड होत नाही. गाणं डिस्ट्रिब्युटरकडून जातं, म्हणजे डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी असल्या सर्व्हिसमधून, तेच तुमचं गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक सगळीकडे पाठवतात आणि तेच गाण्याला आयएसआरसी नंबर देतात. तो १२ अक्षरांचा नंबर म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, तो कुठंतरी लिहून ठेवा, उद्या डिस्ट्रिब्युटर बदलायचा म्हटलं तर तोच नंबर परत द्यावा लागतो नाहीतर जुने प्ले गेले. गाणं तिकडं पोचलं की तुमच्या नावाचं प्रोफाइल आपोआप तयार होतं आणि मग ते "हे माझं आहे" म्हणून क्लेम करायचं, इथून ॲपचं काम सुरू.

प्रोफाइलचा भाग चांगला आहे. फोटो, बॅनर, १,५०० अक्षरांपर्यंत बायो, वर एखादं गाणं पिन करायची सोय. बायोबद्दल बोलायचं झालं तर आपल्याकडच्या निम्म्या पोरांच्या बायोत "लहानपणापासूनच संगीताची आवड" हेच वाक्य असतं, अरे बाबा आवड नसती तर इथं कशाला आला असतास. आमच्या बायोत आम्ही सरळ लिहिलंय की एकजण हळदीचा हिशोब लिहितो, एकजण द्राक्षबागेत औषध मारतो आणि एकाच्या घरी सतारी बनतात. गाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही पण बायो वाचून मेसेज आलेत, एका बाईंनी तर राजापुरी हळदीचा भाव विचारला, तोपण सांगितला मी.

आता पिचिंग, ज्याच्यासाठी खरं तर सगळे हे ॲप घेतात. गाणं रिलीज व्हायच्या आधी तुम्ही ते स्पॉटिफायच्या एडिटर लोकांकडे पाठवू शकता, त्यांच्या प्लेलिस्टमध्ये बसतंय का ते बघायला. एका वेळी एकच गाणं. रिलीज झालेलं गाणं चालत नाही, आधीच पाठवावं लागतं, आणि निदान सात दिवस आधी पाठवलं तर तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांची जी आपोआप बनणारी प्लेलिस्ट असते तिच्यात, ते गाणं जातं. म्हणजे रात्री मिक्सिंग संपलं की सकाळी टाकलं ही जी आपली सवय आहे ती इथं मोडावी लागते. डिस्ट्रिब्युटरला पोचवायला काही दिवस लागतात, त्याच्यापुढं हे सात दिवस, त्यामुळं रिलीज डेट तीन-चार आठवडे पुढची टाकायची आणि मध्ये शांत बसायचं. शांत बसणं हेच सगळ्यात अवघड आहे कारण तबलेवाल्याच्या आईनं तोपर्यंत अख्ख्या तासगावला सांगितलेलं असतं की गाणं आलंय म्हणून.

फॉर्ममध्ये गाण्याचा प्रकार, मूड, भाषा, वाद्यं असं विचारतात आणि शेवटी ५०० अक्षरांत गाण्याबद्दल लिहायला सांगतात. इथं लोक "हे एक भावस्पर्शी प्रेमगीत आहे" असलं काहीतरी लिहितात. एडिटरसमोर रोज असली ढीगभर प्रेमगीतं येत असणार. आम्ही काय लिहिलं ते सांगतो. आमच्या गाण्याच्या मध्ये यार्डातल्या सौद्याचा खरा आवाज आहे, हळदीच्या ढिगावर उभं राहून माणूस भाव पुकारतो ना त्याची एक लय असते, ती मी मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि तबलेवाल्यानं त्याच्यावर ठेका बसवला. तेवढंच लिहिलं, सांगलीच्या बाजारातली बोली आहे, मिरजेची सतार आहे, ऐकून बघा. एडिटोरियल प्लेलिस्ट मिळाली का? नाही. पण सांगायचा मुद्दा हा की त्या ५०० अक्षरांमुळे आम्हालाच पहिल्यांदा कळलं आपल्या गाण्यात वेगळं काय आहे ते, आणि पुढं पोस्टर, रील, स्टेजवरची अनाउन्समेंट सगळीकडे तीच दोन वाक्यं वापरली. आधी आम्ही "फ्युजन" म्हणायचो. फ्युजन म्हटलं की लोक चहा प्यायला उठतात.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कॅनव्हास. गाणं वाजताना मागं जो छोटा उभा व्हिडिओ फिरत राहतो तो, ३ ते ८ सेकंदांचा, आवाज नसतो त्याला. बहुतेक लोक इथं स्वतःचा गॉगलवाला स्लो मोशन टाकतात. आमचा सतारवाला म्हणाला आमच्या गल्लीत चल, तिथं दिवसभर जे चालतं ते कुणी बघितलेलंच नसतंय. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा बातम्या आल्या होत्या, पण आत बसून काम कसं चालतं ते गावातल्या लोकांनासुद्धा माहीत नसतं. सतारवाल्याच्या चुलत्यांनी घोडी, म्हणजे सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, पुढ्यात घेतली आणि जवारी काढायला बसले, म्हणजे ती घासून तारेचा आवाज जुळवायला. घोडीच्या वरच्या अंगावर कानस एकदा हलकेच पुढं, मग तार परत बसवायची, छेडायची, कान खाली न्यायचा, मान नाही अशी हलवायची, की परत कानस. तो पांढरा भुगा अंगठ्यावर साठलेला. ते बोलेनातच, मीपण बोललो नाही. कानस पुढं जाते तिथून सुरू करून परत पुढं जाते तिथं तोडलं, त्यामुळं लूप कुठं जोडलाय ते कळतच नाही. फोनवर शूट केलंय, खर्च शून्य. तो तुकडा रील म्हणून टाकला तर आमच्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त चालला, आता हे चांगलं की वाईट ते तुम्हीच ठरवा.

आकड्यांकडे येऊ. कुठल्या शहरात ऐकतात, किती वय, गाणं शोधून आले का कुणाच्या प्लेलिस्टमधून आले का प्रोफाइलवरून आले, किती जणांनी सेव्ह केलं, हे सगळं दिसतं. नवीन गाणं आलं की पहिले काही दिवस आत्ता या क्षणी किती जण ऐकतायत तेपण दिसतं आणि ते बघू नका, खरंच सांगतो, जेवण जात नाही. मंथली लिसनर्स हा आकडा सगळे मिरवतात पण तो २८ दिवसांत एकदा जरी कुणी ऐकलं तरी धरला जातो. मी सेव्ह बघतो. सेव्ह करणारा माणूस परत येतो. थोडक्यात हे ॲप म्हणजे खतावणी आहे, धंदा नाही, कुठून काय आलं ते लिहून दाखवतं पण गिऱ्हाईक आणणं तुमच्याकडे.

आणि गिऱ्हाईक आणायला आम्ही काय केलं ते सांगतो कारण तिथंच या ॲपचा खरा उपयोग कळला. ओळखीच्या एका काकांचं भडंगचं छोटं दुकान आहे. त्यांना म्हटलं काका तुमच्या पाकिटावर आमचा क्यूआर कोड चिकटवूया का. ते म्हणाले, "पाकिटावर चौकोन चिकटवून गाणं वाजतंय व्हय रे? आणि माझ्या नावावर नाही ना चिकटणार?" म्हटलं नाही काका, मागच्या बाजूला. स्टिकरवर एवढंच लिहिलं: "हात पुसा, स्कॅन करा, सांगली ऐका." स्पॉटिफायचा स्वतःचा कोड असतो तो रेघारेघांचा, तो मुद्दाम घेतला नाही कारण तो स्कॅन करायला स्पॉटिफायचंच ॲप लागतं आणि आपल्याकडचा बराच माणूस यूट्यूबवर ऐकतो. साधा क्यूआर घेतला, तो एका लिंकच्या पेजवर जातो, तिथून ज्याला जिथं ऐकायचंय तिथं. चिकटवायला आम्ही तिघं आणि काकांची नात, नात सगळ्यात सरळ चिकटवायची.

मला वाटलेलं सांगलीतले प्ले वाढतील. ॲप उघडून बघतो तर पुणे. मग नवी मुंबई, मग बेंगळुरू. आधी वाटलं काहीतरी घोळ आहे, कारण मोबाईल नेटवर कंपनीचं कनेक्शन जिथून बाहेर पडतं ते शहर दिसू शकतं, त्यामुळं शहरांच्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पण प्ले प्रोफाइलवरून येत होते, प्लेलिस्टमधून नाही, म्हणजे लिंकवरून सरळ आमच्याकडेच येणारी माणसं. मग ट्यूब पेटली की भडंग सांगलीकर इथं खातो पण पाकीट बाहेरगावी नेतो, पोरगं हिंजवडीत असतं, पोरगी वाशीत असते, आई पिशवीत दोन पाकिटं टाकते. ते बघून आम्ही पुण्यात एका मित्राच्या सोसायटीच्या टेरेसवर छोटा प्रोग्राम केला, आलेल्यात निम्मे सांगली-मिरजेचे आणि भडंग तिथंपण विकलं, गाण्यापेक्षा लवकर संपलं. काकांनी आता स्वतःहून विचारलंय पुढचं गाणं कधी.

आता साडेतीनच का. एक तर ॲपमध्ये पैसे दिसत नाहीत. प्ले दिसतात, कमाई नाही, ती डिस्ट्रिब्युटरच्या डॅशबोर्डवर आणि तीपण उशिरा. आणि २०२४ पासून नियम असा आहे की मागच्या १२ महिन्यांत एखाद्या गाण्याला १,००० प्ले झाले नाहीत तर त्या गाण्याचे त्यांच्याकडून काहीच मिळत नाही. आमच्यासारख्या लहान ग्रुपची अर्धी गाणी या रेषेखालीच असतात. ती रक्कम तशीही चहा-वड्याची असते हे खरं, पण माझ्या चहा-वड्याची होती ना. शिवाय गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क वेगळा असतो, त्यासाठी आयपीआरएसचं मेंबर व्हावं लागतं, गीतकार-संगीतकारांचे हक्काचे पैसे गोळा करून देणारी ही संस्था १९६९ पासून आहे आणि गावाकडच्या किती गीतकारांना माहीत आहे विचारा. कलापथकात आयुष्यभर गाणी लिहिलेली माणसं आहेत आपल्या जिल्ह्यात, एकाचंही नाव कुठं रजिस्टर नाही. त्यांच्यापर्यंत हे ॲप पोचणार नाही, आपणच फॉर्म भरून द्यायला पाहिजेत.

दुसरं, पैसे देऊन पुढं सरकायच्या सोयी. डिस्कव्हरी मोड म्हणून एक आहे, त्यात आधी पैसे द्यावे लागत नाहीत पण स्पॉटिफायच्याच रेडिओ, ऑटोप्ले असल्या ठिकाणी त्यांनी गाणं पुढं केलं की तिथल्या कमाईवर ३० टक्के कमिशन कापतात. अडत दुकानात बसणाऱ्याला कमिशन कळतं, मी वाईट म्हणत नाही, पण ज्याला मुळात दोन-तीन पैसे सुटतात त्यातले ३० टक्के काय द्यायचे आणि काय घ्यायचे.

आणि ॲपच्या बाहेरचा पण याच भानगडीतला एक प्रकार. गाणं आलं की इन्स्टाला मेसेज चालू होतात, "ब्रो लव्ह युवर व्हाइब, दहा हजार स्ट्रीम्स गॅरंटी." आमच्या तबलेवाल्याच्या ओळखीतल्या एका गायकानं असल्याच एका एजन्सीला पैसे दिले, नाव लिहीत नाही. आकडा चढला खरा, सेव्ह मात्र एकही नाही, प्ले सगळे भलत्याच देशातले, भजन होतं ओ ते, मराठी भजन! पुढं डिस्ट्रिब्युटरनं गाणंच उतरवलं. खोटे प्ले सापडले तर स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, मग ते तरी कशाला तुम्हाला सांभाळतील. एजन्सीवाला नंबर ब्लॉक करून मोकळा. गॅरंटी शब्द दिसला की मेसेज उडवायचा.

घ्यावं का? फुकट आहे, घ्याच, पण रिलीजच्या आधी घ्या, गाणं येऊन गेल्यावर क्लेम करणाऱ्यांचं पिचिंग हुकतं. लग्न-वरातीचे बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, ज्यांचं सगळं काम सुपारीवर चालतं त्यांना याचा फारसा उपयोग नाही, त्यांनी यूट्यूब आणि व्हॉट्सॲप बिझनेस नीट ठेवावं. स्वतःची गाणी करणाऱ्यांनी मात्र महिन्यातून एकदा शांतपणे बघावं, रोज बघू नये.

आणि ज्यांनी वर्षाची फी भरायचा डिस्ट्रिब्युटर घेतलाय त्यांनी रिन्यूची तारीख आत्ताच फोनच्या कॅलेंडरला टाका, अशा काही सर्व्हिसमध्ये फी थांबली की गाणी खाली उतरतात, आणि पाकिटावरचा कोड मात्र तसाच राहतो.