एमजीबी १९७० : २२ वर्षं चालवून विकली, त्यानिमित्त

जाहिरात टाकल्यावर पहिल्या आठवड्यात आलेल्या फोनांतल्या निम्म्या लोकांना ती एमजीची हेक्टर वाटली. "काकू, डिझेल आहे का?" असं विचारायचे. त्यांचा काय दोष? एमजी हे नाव आपल्याकडच्या शोरूममध्ये आलं ते २०१९ साली. आमची एमजीबी १९७० ची, इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, दोन माणसांपुरती जागा आणि वर काढता-घालता येणारा टप. १९६२ ते १९८० या काळात बंद आणि टपाच्या मिळून पाच लाखांवर एमजीबी बनल्या. म्हणून इतक्या जुन्या गाडीचे भाग आजही नवे मिळतात, अगदी अख्खा सांगाडासुद्धा. जुनी गाडी घेताना हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवते.

२००३ साली आम्ही ती मुंबईहून आणली. तीन अक्षरी जुना नंबर, कागद पूर्ण, टप फाटलेला. घरी लायसन्स दोघांचं, पण हिची चावी पहिल्यापासून माझ्याकडे. आता आमच्या ह्यांचे दोन्ही गुडघे बदललेत आणि माझाही उजवा कुरकुरतो. हिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ रस्त्यावर बसायचं, आणि उठायचं तेही तिथूनच. म्हणून विकली, दुसरं काही कारण नाही. पुढे कोणाला रत्नागिरी, सिंधुदुर्गात अशी गाडी बाळगायची असेल तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी चांगलं सांगते. भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरी गावात यायचं आणि मिऱ्या बाजूने वर चढून आरे-वारेच्या रस्त्याला लागायचं, टप मागे टाकून, जानेवारीत, मोहोर फुललेला असताना. डाव्या हाताला खाली समुद्र, आणि आपण इतके जमिनीलगत की कठड्याच्या फटीतून लाटा दिसतात. वळणावर गाडी झुकत नाही. स्टिअरिंग जड आहे, पण चाकाखाली काय चाललंय ते तळहाताला कळतं. तिसऱ्या गिअरमध्ये गणपतीपुळ्यापर्यंत जाता येतं, गिअर बदलायची गरजच पडत नाही. २२ वर्षांत कंटाळा आला असं एकदाही झालं नाही.

मार्चनंतर मात्र दुपारी बाहेर काढू नका. इंजिनची सगळी धग पायांवर येते. आमच्या हातात लिटरला आठ-नऊ किलोमीटर पडले. मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे, खड्डा थेट कण्यात पोचतो. आणि पोट इतकं खाली की काही स्पीडब्रेकर मी तिरके घेतले तरी घासलेच.

दुरुस्तीची भीती घालणारे पुष्कळ भेटले. पण आमचं नशीब असं की हिचं इंजिन आपल्या माणसांच्या ओळखीचं निघालं. अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि हिचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. आमचे मेस्त्री आयुष्यभर अँबॅसिडर टॅक्सीच खोलत आले. पहिल्यांदा बॉनेट उचललं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, ही तर आपलीच की. फक्त जरा खाऊनपिऊन आलीय." व्हॉल्व्हचे टॅपेट पंधरा थाऊवर (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) त्यांनी कानानेच लावले, मी नंतर गेज घालून पाहिलं तर एकही चुकला नव्हता. टप शिवला तो रिक्षाचे टप शिवणाऱ्या माणसाने, जाड रेक्झिन आणि पितळी बटणं वापरून. पहिल्या पावसात एक थेंब आत आला नाही. तो टप अजून तोच आहे.

आता गंजाबद्दल, कारण कोकणात या गाडीचा सगळा प्रश्न तोच आहे. हिला वेगळी चासी नाही. दरवाजाखालून लांबट पोकळ पेटी जाते, तिला सिल म्हणतात, आणि टपाच्या गाडीला छप्पर नसल्यामुळे सगळा भार या दोन पेट्यांवर. खारी हवा आत शिरते, पाणी साचतं, आणि पत्रा आतून जातो. बाहेरून रंग चकचकीत. ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडी मधोमध जॅकवर उचलायची आणि दरवाजा उघडून लावायचा. अडकला तर सिल खलास.

आमची डावी सिल २०११ मध्ये गेली. ज्याने दुरुस्त केली त्याने बाहेरून नवा पत्रा मारला, आतला कुजका तसाच ठेवला आणि पैसे पूर्ण कामाचे घेतले. मला ते कळायला चार वर्षं लागली. त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्याला ही गाडी घ्यायची आहे त्याने वेल्डिंग चालू असताना स्वतः समोर उभं राहावं.

पण गंजापेक्षाही जास्त नुकसान कशाने झालं सांगू? २००८ च्या पावसाळ्यात आम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने पुण्याला होतो. गाडी मांगरात, चांगली ताडपत्री घालून झाकून ठेवलेली. परत आलो तर ब्रेकचे सिलिंडर धरलेले, क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, सीटवर पांढरी बुरशी, पेट्रोलचा पंप मुका. पाच वर्षं रस्त्यावर पळवून जे झालं नव्हतं ते चार महिने उभी ठेवून झालं. तेव्हापासून ताडपत्री कायमची बंद, तिच्याखाली दमटपणा कोंडतो. चाकांखाली सागवानी फळ्या, कारण आपल्याकडे सिमेंटच्या जमिनीला घाम येतो. आणि जून ते सप्टेंबर, उघडीप मिळाली की आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं चालवायचीच, इंजिन नीट तापेपर्यंत. नुसतं जागेवर सुरू करून बंद केलं तर ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी जमतं, ते उभं ठेवण्याहून वाईट. टाकी भरलेली ठेवायची. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, रिकाम्या टाकीत ते जास्त ओढतं. जुन्या रबरी नळ्यांनाही ते खातं, म्हणून मी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या.

तो पंप म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. विजेवरचा आहे, चावी फिरवली की मागून टिकटिक ऐकू येते. टिकटिक नाही आली तर त्याच्या आतले विजेचे पॉइंट चिकटलेत. उजव्या मागच्या चाकाजवळ खालून हळूच ठोकलं की चालू होतो.

कागदांचं थोडक्यात सांगते. जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आला. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. मला बऱ्याच जणांनी ती करायला सांगितली. पण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ज्या गाडीचा जीव चालण्यात आहे तिला असं बांधून घालायचं माझ्या मनाला पटेना. साधी नोंदणी ठेवली आणि २०२२ मध्ये आयात गाडीची ४० हजारांची फी भरून पाच वर्षांचं नूतनीकरण केलं. पैसे जड गेले. पण त्यानंतरही मी मासे आणायला हिच्यातूनच गेले.

गिऱ्हाईकं तीन आली असं धरा. पहिल्याला ती हॉटेलच्या दारात, काचेच्या खोलीत ठेवायची होती. त्याने सगळ्यात जास्त पैसे सांगितले, वर इंजिन काढून टाकलं तरी चालेल असंही म्हणाला. मी नाही म्हटलं. ह्यांनी एक शब्द काढला नाही, चहाचे कप उचलून आत गेले. दुसऱ्याने गाडी न बघताच फोनवर किंमत पाडायला सुरुवात केली, त्याच्याशी बोलणं वाढवलं नाही.

तिसरे कोल्हापूरचे नवरा-बायको. त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. ते विचारायच्या आत मी जॅक लावला. उजवा दरवाजा सुरळीत लागला, डावा अडकला. २०११ ची सगळी हकीकत सांगितली. ते खाली आडवे झाले, बॅटरी मारून दहा मिनिटं बघत राहिले आणि उठून म्हणाले, "काकू, हे मी पुरं कापून नवीन घालणार." त्यांच्या बायकोने विचारलं, "पावसात चालवायची म्हणता, मग वायपर कसे आहेत?" हा प्रश्न तोवर कोणीही विचारला नव्हता. वायपर बेताचेच आहेत, तसं सांगितलं. मी १८ लाख मागत होते, डाव्या सिलचा खर्च आपण होऊन वजा केला आणि साडेचौदाला सौदा झाला. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, चाकांच्या स्पिनरसाठीची (मधल्या मोठ्या नटांसाठीची) तांब्याची हातोडी, गेज, जुने कार्बोरेटरचे सुटे भाग आणि माझी दुरुस्तीची वही असं सगळं एका ट्रंकेत घालून दिलं. वहीत प्रत्येक कामाची तारीख आहे.

रविवारी सकाळी सातला निघाले, टप उघडा टाकून. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट असा रस्ता. साडेदहाला मलकापुरातून त्यांचा फोन. चहाला थांबले होते, आता गाडी सुरू होत नव्हती.

"चावी फिरवल्यावर मागून टिकटिक येते का?"

"नाही काकू."

"उजव्या मागच्या चाकाजवळ वाका. हातोडी नको, लाकडी दांड्याने ठोका. हळू."

त्यांनी फोन बायकोकडे दिला. तिने तो खाली गाडीजवळ धरला असावा, कारण दोनदा ठक-ठक झालं आणि मग मला टिकटिक स्पष्ट ऐकू आली.